पाचशे किलोमीटरनंतर कोण येणार?

शनिवारी सकाळी सहा वाजता नाशिक फाट्यावर पाच मिनिटं उभे राहा. पुण्यातून विकांताला बाहेर पडणाऱ्या बऱ्याच बुलेटना काही ना काही 'लावलेलं' दिसेल. कुणाला सायलेन्सर, कुणाला कोन फिल्टर, तर कुणी जुन्या ३५० ला २४ मिलिमीटरच्या जागी २८ चा कार्ब्युरेटर चढवलेला. मागून येणाऱ्या पिकअप आणि टुरिस्ट गाड्यांच्या पोटात सीएनजीचं किट. कशाला किती पैसे पडले हे मालक न विचारता सांगतो. आता त्याला एकच प्रश्न विचारा : "हे सगळं बसवल्यावर मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा कधी आवळलेस?"

उत्तर ठरलेलं असतं. "म्हणजे काय? बसवताना आवळलेच ना!"

आजचा लेख या 'आवळलेच ना'च्या विरोधात आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : ज्या दिवशी किट बसतं त्या दिवशी अपग्रेड संपत नाही. पाचशे किलोमीटर चालल्यावर थंड इंजिनावर ते बोल्ट पुन्हा तपासले जातात, तेव्हा ते संपतं. मधल्या काळात आपण अर्धवट काम घेऊन रस्त्यावर फिरत असतो. फोटो तेवढे पूर्ण कामाचे टाकतो.

ज्यांना मॅनिफोल्ड म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी (लाजू नका, ज्यांच्याकडे आहे त्यांनाही माहीत नसतं) : कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडी आणि इंजिनाचं हेड यांना जोडणारी नळी म्हणजे इनलेट मॅनिफोल्ड. बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या गाडीला ती बोटभर असते, चार सिलिंडरच्या गाडीला चार फाट्यांची. हेडला ती दोन, चार, सहा बोल्टांनी बसते आणि मध्ये एक पॅकिंग असतं. इंजिन श्वास घेतं तो इथून. थ्रॉटल मिटलेला असताना या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी दाब असतो. म्हणजे कुठेही केसाएवढी फट असली, तरी बाहेरची हवा तिथून आत ओढली जाते. ती कार्ब्युरेटरमधून न आल्यामुळे तिच्या वाट्याचं पेट्रोल तिच्याबरोबर येत नाही. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे गणित बिघडलं की मिश्रण पातळ होतं. गॅरेजच्या भाषेत इंजिन 'एअर घेतंय'.

आता बोल्ट सैल होतो कसा? आपल्याला वाटतं थरथरीने फिरत फिरत निघतो. तसंही होतं, पण नव्या कामात मुख्य कारण दुसरंच असतं आणि ते कळलं की पुढचा वाद निम्मा संपतो.

बोल्ट ही एक फार ताठ स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन भाग घट्ट धरून ठेवतो. हेड आणि मॅनिफोल्ड बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे, बोल्ट स्टीलचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे इंजिन गरम झालं की मधलं पॅकिंग आणखी दाबलं जातं. इंजिन थंड होतं, धातू मूळ मापावर येतो, पॅकिंग मात्र येत नाही. ते थोडं चेपलेलंच राहतं. अशा दहा-वीस फेऱ्या झाल्या की बोल्ट एक अंशही फिरलेला नसतो, पण त्याचा ताण गेलेला असतो. वरून बघा, सगळं जागच्या जागी. खुणेसाठी मारलेली पेंटची रेघसुद्धा जुळलेली. फक्त आत घट्ट धरलेलं काही उरलेलं नाही.

म्हणून बसवताना कितीही नीट आवळलं तरी 'पुन्हा' आवळावं लागतं. हा मिस्त्रीच्या हाताचा दोष नाही, पॅकिंगचा स्वभाव आहे. दोष येतो तो पुढे, पुन्हा बघायचंच नाही असं दोघांनी मिळून ठरवल्यावर.

गंमत अशी की हा बिघाड दाखवायला फार लबाड आहे. गॅरेजवाला तुमच्यासमोर थ्रॉटल पिळून दाखवतो, "ऐका काय आवाज आहे!" पूर्ण थ्रॉटलला नळीतला दाब बाहेरच्या जवळपास येतो, फटीतून हवा फारशी ओढलीच जात नाही, त्यामुळे तेव्हा सगळं उत्तम वाटतं. फट जाणवते ती मंद चालीत आणि अर्ध्या थ्रॉटलला. म्हणजे नेमकी आपण नाशिक रस्त्याने मंचर-कळंब-नारायणगाव एकसारख्या वेगात जातो तेव्हा. पातळ मिश्रणावर इंजिन तापत राहतं आणि आपण गाणी ऐकत असतो.

त्यात आता पंपावर सगळीकडे ई-२० पेट्रोल आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलवर जेटिंग केलेल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचं मिश्रण ई-२० वर आधीच थोडं पातळ झालेलं असतं. त्यात ही फट. (ज्या उसापासून इथेनॉल करतात तो जुन्नर-आंबेगावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याएवढा उभा असतो, बघत जा.)

पुढे आळेफाट्याहून ओतूरमार्गे माळशेज उतरायला लागलात की दोन गोष्टी होतात. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट फटाके वाजतात. तो आवाज आवडणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांना वाटतं गाडी 'रेसिंग' झाली. फटाक्यांचं कारण नेहमी मॅनिफोल्डच असतं असं नाही, पण नव्या कामानंतर ते वाजू लागले तर पहिला संशय तिथेच घ्यावा. दुसरी गोष्ट जास्त वाईट. इंजिन लगेच मंद होत नाही, थ्रॉटल मिटला तरी आरपीएम वर लटकून राहतात. घाटात उतारावर, धुक्यात, ओल्या वळणावर तुम्ही इंजिन ब्रेकिंगच्या भरवशावर थ्रॉटल सोडलात आणि गाडीने ते ऐकलंच नाही, तर काय होईल याचं चित्र ज्याचं त्याने काढावं. मी ज्या बोल्टबद्दल बोलतोय तो या चित्रात आहे.

आणि बंद पडली तर? जुन्नर हा बिबट्यांचा तालुका आहे. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उगाच नाही काढलेलं. रात्री नऊ वाजता उसाच्या दोन भिंतींमध्ये टॉर्च धरून प्लग साफ करण्यात काही थ्रिल नाही. कार्यालयात सांगायला किस्सा मिळतो, एवढंच.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते. गाडी बंद पडते जुन्नरात, म्हणून शिव्या खातो जुन्नरचा फिटर.

मागच्या पावसाळ्यात आम्ही तिघे नाणेघाटाला चाललो होतो. एका मित्राच्या बुलेटला महिन्यापूर्वीच पुण्यातल्या एका झकपक गॅरेजात नवा कार्ब्युरेटर, नवा मॅनिफोल्ड आणि नवं फिल्टर असं पॅकेज बसलेलं. जुन्नर गावाच्या अलीकडे गाडी मंद चालीवर उभीच राहीना. रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमधले पन्नाशीचे फिटर बाहेर आले. त्यांनी मॅनिफोल्डच्या सांध्यावर बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारला. इंजिनाची चाल लगेच बदलली.

"दादा, हे बसवलं कुठं?"

"पुण्यात."

"मग पुन्हा आवळायला नाय का बोलावलं कुणी?"

मित्र म्हणाला, "काका, ते लोक एक्स्पर्ट आहेत."

काका हसले. गाडी बंद करून आम्हाला चहा प्यायला पाठवलं, इंजिन निवल्यावर पाना लावला, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घेतले आणि पन्नास रुपये सांगितले. हे काम करायला त्या एक्स्पर्टांना मित्राने मोजलेल्या रकमेत किती शून्यं होती ते सांगत नाही. परत आल्यावर मित्राच्या रायडर ग्रुपवर चर्चा काय? तर "गावाकडच्या मेकॅनिकला नव्या गाडीला हात लावू देऊ नये." च्यायला! ज्याने बिघाड काढला तो अडाणी, ज्याने ठेवला तो एक्स्पर्ट.

हे आपलं शहरी गणित आहे. ज्या कामाचा फोटो निघतो ते काम, ज्याचा निघत नाही ते फुकट.

आपण निदान हौशी मंडळी. आपला फार तर विकांत बुडतो. पण याच रस्त्यावर नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणारी पिकअपही असते. डिझेल परवडत नाही म्हणून कुणीतरी जुनी पेट्रोल गाडी घेऊन सीएनजी किट बसवलेलं. सिक्वेन्शियल किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून गॅसचे नोझल बसवतात. ते नीट करायचं तर मॅनिफोल्ड उतरवावाच लागतो, नाहीतर धातूचा कीस थेट इंजिनात. म्हणजे कंपनीने बसवलेला सांधा उघडून हाताने पुन्हा बंद केला जातो. तिथे फट राहिली तर गॅसचं मिश्रणही पातळ होतं, मॅनिफोल्डमध्येच भडका उडू शकतो आणि प्लास्टिकचा मॅनिफोल्ड किंवा फिल्टरचा डबा फुटतो. टोमॅटोचा भाव काय टिकतो ते आपण जुलै २०२३ मध्ये पाहिलंय : आभाळाला टेकला आणि काही आठवड्यांत खाली आला. माल ज्या दिवशी पोचायला हवा त्या दिवशी पोचला नाही, तर त्या माणसाला दुसरा शनिवार मिळत नाही.

ट्रॅक्टरचं आणखी वेगळं. डिझेलला पेट्रोलसारखी थ्रॉटलची भानगड नसते, पण फिल्टर आणि इंजिन यांच्या मधला सांधा सैल असला तर हवेबरोबर शेतातली धूळ न गाळता आत जाते. धूळ म्हणजे सिलिंडरला लावलेला पॉलिश पेपर. टर्बो असेल आणि फट टर्बोच्या पुढे असेल तर दाब बाहेर पळतो, ताकद जाते आणि काळा धूर येतो. मालक म्हणतो पंप गेला. पंप उघडला जातो. बोल्टाकडे कोणी बघत नाही.

आता नेहमीचे युक्तिवाद घेऊ.

१. "लॉकटाइट लावलंय." लॉकटाइट बोल्टला फिरू देत नाही. वर सांगितलं तसं, इथे बोल्ट फिरलेलाच नसतो, पॅकिंग बसलेलं असतं. चुकीच्या रोगावर उत्तम औषध. वर पुन्हा आवळायला गेलात की तो चिकटलेला थर तुटतो, म्हणजे बोल्ट काढून, साफ करून नव्याने लावणं आलं.

२. "असला कचकचीत आवळलाय की हलणार नाही!" हा तर राष्ट्रीय फंडा. ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे वीतभर, वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर. पाच किलो! आपण तिथे अख्खा माणूस लटकवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात, फ्लँज वाकते आणि प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला चीर जाते. शिवाय पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे दहा टक्केच बोल्ट ताणायला वापरला जातो, बाकीचा घर्षणात जातो. आट्यांत गंज असेल तर हाताला घट्ट लागतो पण ताण कमी; तेल असेल तर उलट, ताण भलताच जास्त. म्हणून 'हाताचा अंदाज' फसतो. टॉर्क रेंच हवा, आटे साफ हवेत आणि आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला हवा.

३. "आता फ्युएल इंजेक्शन आहे बॉस, कॉम्प्युटर बघून घेतो." बरोबर. ऑक्सिजन सेन्सर सांगतो मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतं, गाडी चालत राहते. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात? एक्सेप्शन पकडायचं, गिळायचं आणि लॉगसुद्धा करायचं नाही. जेव्हा भरपाईची मर्यादा संपते तेव्हा पिवळा दिवा लागतो, आणि तोवर फट जुनी झालेली असते.

४. "कंपनी कुठे पुन्हा आवळते?" हा एकच युक्तिवाद मला मान्य करण्यासारखा वाटतो, म्हणून नीट उत्तर देतो. कारखान्यात सांधे नवे, सपाट, स्वच्छ असतात. ठरलेल्या टॉर्कवर थांबणारी हत्यारं असतात. अनेक गाड्यांना कागदी पॅकिंगऐवजी रबराचं किंवा धातूचं सील असतं, जे असं बसत नाही. काही ठिकाणी तर मॅन्युअल स्पष्ट सांगतं की पुन्हा आवळू नका. तिथे मॅन्युअलचं ऐका, माझं नाही. पण तुमचं किट कारखान्यात बसलेलं नाही. जुन्या, खरवडलेल्या फ्लँजवर, कातरून काढलेल्या पॅकिंगवर, शेडमध्ये हाताने बसलंय. आणि कंपनीसुद्धा नव्या बाइकला पाचशे-हजार किलोमीटरवर पहिलं सर्व्हिसिंग सांगते ना? त्यात नट-बोल्ट तपासणं असतंच. तुमच्या किटचं पहिलं सर्व्हिसिंग कुठंय?

यावर कुणी म्हणेल, दोन बोल्टांसाठी एवढा लेख? तर बोल्टांचं राजकारण मोठ्या माणसांनाही जमलेलं नाही. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत पोर्टलँडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ चा दाराच्या जागचा तुकडा साधारण १६ हजार फुटांवर उडून गेला. चौकशीत निघालं की कारखान्यात रिव्हेटच्या दुरुस्तीसाठी तो तुकडा उघडला होता आणि बंद करताना त्याचे चार बोल्ट बसवलेच नव्हते. तो उघडल्याची नोंदही सापडली नाही. नशीब, सगळे वाचले. तिथले बोल्ट लावलेच नव्हते, आपले लावून विसरलेत, हा फरक आहे. पण आजार एकच : सांधा उघडला हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून तो बंद झाल्यावर पुन्हा कोणी तपासायचा हे कुणाचंच काम नाही.

आणि उलट उदाहरण बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. नारायणगावहून खोडदला जा. तिथे जीएमआरटी आहे, गोविंद स्वरूपांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वायच्या तीन हातांवर, सगळा पसारा २५ किलोमीटरचा. दोरांच्या सांगाड्यावर ताणलेली स्टीलची जाळी, वर उघडं आकाश, पावसाळे, वारा. वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला की निरीक्षण थांबवून तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या ठेवायच्या, हा नियम. २०१० च्या दशकात या दुर्बिणीचं मोठं अपग्रेड झालं, नवे रिसीव्हर, नवी इलेक्ट्रॉनिक्स. टप्प्याटप्प्याने, दुर्बीण वापरात ठेवून. शनिवारी किट बसवलं आणि रविवारी फोटो टाकला, असं नाही. आपण शिवनेरी, लेण्याद्री, मिसळ करून तिच्यावरून पुढे जातो आणि शिकत काही नाही.

शिकणार कसे? आपण सॉफ्टवेअरवाले तर या रोगाचे जाहिरातदार. रिलीज झालं की केक कापतो. सोमवारी लॉग कोण वाचतं? सगळ्यात नवा पोरगा. अप्रेझलमध्ये 'नवीन फीचर दिलं' असं लिहिता येतं. 'तीन महिने काही पडू दिलं नाही' असं लिहिलं तर मॅनेजर विचारतो, मग तू केलंस काय? गॅरेजवाल्याचंही तेच. बसवण्याचे पैसे मिळतात, पुन्हा बघण्याचे मिळत नाहीत, उलट बोलावलं तर गिऱ्हाईक म्हणतं, "पहिल्यांदा नीट का नाही केलं?" मग तो कशाला बोलावेल? हा सौदा आपण ठरवलाय. गिऱ्हाईक म्हणून आपणच बदलू शकतो.

म्हणून कृपया एवढं करा. किट बसवताना बिलावरच लिहून घ्या : कोणते सांधे उघडले, किती टॉर्क लावला, पुन्हा तपासणी किती किलोमीटरवर. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच द्या. घासाघीस करायचीच असेल तर स्टिकरच्या किमतीत करा. मॅन्युअल मना करत नसेल तर पाचशे किलोमीटर झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, मधल्या बोल्टपासून बाहेर किंवा समोरासमोर अशा क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत या. एकदम एका बोल्टवर तुटून पडू नका. शंका असेल तर पाण्याच्या फवाऱ्याची युक्ती करा. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारण्याचे व्हिडिओ बघून ते करू नका, आग लागते. आटा गेलेला दिसला तर तसाच रेटू नका, हेलिकॉइल बसवून घ्या. आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहा. ज्याची नोंद नाही ते काम झालेलं नाही, हे आपल्याला कोडच्या बाबतीत पटतं ना?

आणि बाहेरगावी कुठल्या शेडमधल्या काकांनी पन्नास रुपयांत हे करून दिलं, तर शंभर द्या आणि ग्रुपवर त्यांचं कौतुक लिहा.

असो. आज रविवार आहे, इंजिन रात्रभर उभं राहून थंड झालंय. दहा नंबरचा पाना घरात नसेल तर शेजाऱ्याकडे मागा. टॉर्क रेंच त्याच्याकडे नसणारच, तो दोघांत मिळून घ्या :)